परमुलखांतील सोयरीक आणि वऱ्हाडचीं न्यायासनें

अमरावतीची मुलगी आणि अमेरिकेंत नोकरीस असलेला मुलगा यांचें लग्न आतां कोणास नवलाचें वाटत नाहीं. तें मोडण्याची पाळी आली म्हणजे मात्र दोन्ही घरांतील शहाणींसुरतीं माणसें गोंधळून जातात. लग्न अकोल्यास लागलें, संसार परदेशांत मांडला, आणि नवऱ्यानें फिर्याद केली ती तिसऱ्याच गांवच्या न्यायालयांत. मग निकाल कोणाचा मानावयाचा? हा प्रश्न विमानाबरोबर आपल्याकडे आला अशी पुष्कळांची समजूत आहे. आमच्या मतें ती बरोबर नाहीं. वऱ्हाडास हा प्रश्न फार पूर्वींपासून परिचित आहे. कारण कायद्याच्या दृष्टीनें वऱ्हाड हाच मुळीं जवळजवळ शंभर वर्षें परमुलूख होता.

परदेशीं गेलेला नवरा हा तर आपल्या धर्मशास्त्रांतीलहि जुना विषय आहे. धर्मकार्यासाठीं गेलेल्या पतीची आठ वर्षें, विद्येसाठीं किंवा कीर्तीसाठीं गेलेल्याची सहा वर्षें व विषयसुखासाठीं गेलेल्याची तीन वर्षें वाट पाहावी, असें मनूनें सांगितलें. पण मुदत सरल्यावर त्या स्त्रीनें काय करावें हें सांगितलें नाहीं, आणि त्या मौनांत आपापलें मत भरण्यास टीकाकारांस ऐसपैस जागा मिळाली. नारदानें आपल्यापुरती ती जागा मोकळी ठेवली नाहीं. ब्राह्मण स्त्रीनें आठ वर्षें, अपत्य नसल्यास चार वर्षें थांबावें व पुढें दुसऱ्याचा आश्रय करावा, असें त्यानें उघड म्हटलें. कौटिल्य त्याहून व्यवहारी. थोड्या काळाच्या प्रवासास गेलेल्यांच्या अपत्यहीन स्त्रियांस त्यानें वर्णपरत्वें एकापासून चार वर्षांपर्यंत मुदत घातली, आणि मूल असल्यास तींत एक वर्षाची भर टाकली. पुढें निबंधकारांनीं स्त्रीचा पुनर्विवाह कलिवर्ज्य ठरविला तेव्हां हीं सर्व वचनें पोथींतच राहिलीं. तथापि त्यांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या स्मृतिकारांनीं जी मुदत मोजली ती मागें राहिलेल्या बायकोच्या उंबऱ्यावर बसून मोजली. निघून गेलेल्या नवऱ्याच्या मुक्कामावरून नव्हे. इंग्रजी कायद्यानें नेमकें याच्या उलट केलें, तें पुढें दिसून येईल.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. १८५३ च्या तहानें निजामानें हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेच्या खर्चापोटीं हा प्रांत कंपनी सरकारकडे लावून दिला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, असा हा संसार. सरकारी कागदांत प्रांताचें नांवच मुळीं ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असें होतें, आणि त्याची सूत्रें हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हातीं होतीं. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानें लॉर्ड कर्झन यांनीं सालीना पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें घेतलें, व १ ऑक्टोबर १९०३ पासून तें मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरांकडे जोडलें. एवढें होऊनहि वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानाचा भाग झालें नाहीं. कलकत्त्यास किंवा दिल्लीस केलेला कायदा अमरावतीस आपोआप लागू होत नसे. परमुलखांतील अधिकाराच्या नियमांखालीं निराळी अधिसूचना काढून तो वऱ्हाडांत आणावा लागे. कायदेमंडळाच्या निवडणुकींत तर याहून मौज होती. वऱ्हाडांतील मतदारांनीं निवडून दिलेला सभासद कागदोपत्रीं सरकारनें ‘नेमलेला’ म्हणून दाखवावा लागे, कारण परक्या राजाच्या मुलखांतून निवडणूक कशी व्हावयाची! १९३६ च्या करारांत निजामाच्या थोरल्या चिरंजिवांस ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, म्हणजे कापसाच्या या काळ्या भुईस युवराज मिळाला. त्यांची पत्नी दुर्रुशेहवार ही तुर्कस्थानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. लग्न १९३१ सालीं फ्रान्समधील नीस येथें लागलें. त्याच वेळीं धाकट्या राजपुत्राचेंहि उस्मानी घराण्यांतील निलोफर हिच्याशीं लग्न झालें, आणि तें पुढें १९५२ सालीं मोडलें. परमुलखाची सोयरीक राजवाड्यांतहि सोपी नव्हती.

पण राजवाड्याची गोष्ट निराळी. आमचें लक्ष आहे तें वाशीम, मेहकर, पुसद या बाजूच्या गांवांकडे. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मोगलाई. नदी उन्हाळ्यांत पायींहि ओलांडतां येते. पश्चिमेस मलकापुराच्या पुढें खानदेश, म्हणजे मुंबई इलाखा, खरा ब्रिटिश मुलूख. भाषा एक, देव एक, जातिपाति त्याच, लग्नाच्या याद्या त्याच; मुली देणें-घेणें तिन्ही मुलखांत चाले. कायद्याच्या नकाशावर मात्र हे तीन निरनिराळे प्रदेश होते. त्यांतहि विपरीत असें कीं परभणी आणि अकोला यांचा धनी एकच निजाम, तरी परभणीच्या न्यायालयाचा निकाल अकोल्यास परक्या न्यायालयाचा ठरे. आणि अकोल्याचें न्यायालय गव्हर्नर जनरलच्या अधिकारानें चालणारें म्हणून त्याचा हुकूमनामा १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या ४३ व्या कलमान्वयें खानदेशांत बजावतां येई. मोगलाईंतील हुकूमनाम्यासाठीं ४४ वें कलम होतें, त्यास निराळी अधिसूचना लागे. पोटगीचे रुपये वसूल करावयाचे असल्यास नवऱ्याचें शेत नदीच्या कोणत्या कांठावर आहे यावर पुष्कळ कांहीं अवलंबून होतें.

येथें कोणी विचारील कीं हिंदूंत घटस्फोट होता कोठें? ब्राह्मणांत व त्यांचें अनुकरण करणाऱ्या जातींत तो नव्हता हें खरें. परंतु कुणबी, माळी, तेली इत्यादि बहुजन समाजांत काडीमोड होती, फारकत होती, सोडचिठ्ठी होती आणि तीनंतर पाट लावण्याची रीत होती. जातीचे पंच बसत, लग्नखर्चाचा हिशेब होई, नवऱ्याकडून सोडचिठ्ठी लिहून घेत, आणि बाई मोकळी होई. न्यायालयाचें तोंड न पाहतां होणारी ही व्यवस्था कित्येक सुशिक्षितांस रानटी वाटे. आम्हांस ती तितकी वाईट वाटत नाहीं. तिचा दोष एकच होता कीं सर्व मदार नवऱ्याच्या संमतीवर होती. नवरा हजर असला तर पंच त्याच्यावर दाब आणीत. तो मोगलाईंत किंवा मुंबईच्या गिरण्यांत निघून गेला कीं पंचांचा हात त्याच्यापर्यंत पोंचत नसे. मग पंचांनीं आपल्याच अधिकारांत बाईस मोकळी केली तर? १८७६ सालीं मुंबई हायकोर्टानें शंभू रघु याच्या खटल्यांत निर्णय दिला कीं लग्न मोडण्याचा किंवा नवरा जिवंत असतां बाईस दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालयें मानणार नाहींत. म्हणजे पंचांच्या शब्दावर विश्वासून पाट लावलेली बाई दंडसंहितेच्या ४९४ व्या कलमाखालीं गुन्हेगार ठरण्याची भीति उत्पन्न झाली. त्या कलमांत एक पळवाट होती: नवरा सात वर्षें सतत बेपत्ता असून तो जिवंत असल्याचें ऐकिवांत नसल्यास शिक्षा होत नसे. मनूचीं आठ, नारदाचीं चार, तर मेकॉलेच्या संहितेचीं सात! फरक एवढाच कीं या सात वर्षांनीं शिक्षा टळे, लग्न सुटत नसे. शिवाय नवरा सहाव्या वर्षीं गांवांत डोकावून गेला तर मोजणी पुन्हां पहिल्यापासून.

इंग्रज लोकांची स्वतःची अडचण याच सुमारास निराळ्या रूपानें पुढें आली, आणि तिचा परिणाम आजच्या आपल्या मुलींपर्यंत येऊन पोंचला आहे म्हणून ती सांगितली पाहिजे. लग्न मोडण्याचा अधिकार कोणत्या देशाचा? सिलोनांतून गेलेल्या लमेझुरिए यांच्या अपिलांत १८९५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें उत्तर दिलें: ज्या देशांत जोडप्याचा कायम अधिवास, त्या देशाचा. अधिवास म्हणजे नुसतें राहणें नव्हे. जेथें अखेर परत जावयाचें अशी मनांत गांठ आहे तें ठिकाण. तत्त्व दिसावयास शुद्ध आहे. पण त्याच्या जोडीस इंग्रजी कायद्याचा दुसरा नियम होता कीं बायकोचा अधिवास नवऱ्याच्या मागें जातो. दोन्ही एकत्र केले म्हणजे काय होतें पाहा. नवरा बायकोस टाकून दुसऱ्या देशांत कायमचा गेला कीं तिचाहि अधिवास, ती जागची हलली नसतांना, त्याच्याबरोबर गेला. आणि न्याय मागावयाचा तर तिनें समुद्र ओलांडावा. खुद्द इंग्लंडांत हा नियम १९७३ सालीं रद्द झाला.

हिंदुस्थानांत नोकरी करणाऱ्या इंग्रजांस त्याचा चटका १९२१ सालीं बसला. कीज यांच्या खटल्यांत इंग्लंडच्या न्यायालयानें सांगितलें कीं इंग्लंडांत अधिवास असलेल्यांचीं लग्नें मोडण्याचा अधिकार हिंदुस्थानच्या न्यायालयांस नाहीं. येथें घटस्फोट घेऊन पुन्हां लग्न केलेल्या साहेबांच्या व मडमांच्या घरीं कसा हाहाकार उडाला असेल याची कल्पना करावी! पार्लमेंटानें त्याच वर्षीं जुने निकाल वैध करून घेतले, आणि १९२६ सालीं स्वतंत्र कायदा करून येथील हायकोर्टांस तो अधिकार दिला. साहेबांची अडचण पांच वर्षांत दूर झाली. पैनगंगाकांठच्या बाईची सोय होण्यास किती काळ लागला तें आतां पाहावयाचें आहे.

मिश्रविवाहांचें प्रकरण याच काळांतलें. लंडनमध्यें इंग्रज स्त्रीशीं लग्न करून स्वदेशीं परतलेल्या एका मद्रासी हिंदूनें, माझ्या धर्मांत जातीबाहेर लग्न होतच नाहीं, सबब हें लग्नच नव्हे, असा पवित्रा घेतला. १९०९ सालीं चेट्टी खटल्यांत इंग्रज न्यायाधीशांनीं तो साफ फेंटाळला. १९१७ सालीं मीर अन्वरुद्दीन खटल्यांत त्यांनीं असेंहि ठरविलें कीं इंग्लंडच्या कायद्यानें लागलेलें लग्न नवऱ्यानें दिलेल्या तलाकानें मोडत नाहीं. ज्या कायद्यानें गांठ बांधली त्याच कायद्यानें ती सोडवावी, असा या दोन निकालांचा रोख आहे. याच दृष्टीनें ज्ञानकोशकार डॉ. केतकर यांच्या विवाहाकडे पाहण्यासारखें आहे. केतकरांचें शिक्षण अमरावतीस झालें, म्हणून वऱ्हाडास ते आपले वाटतात. त्यांनीं १९२० सालीं ईडिथ कोहन या जर्मन ज्यू विदुषीशीं, व्रात्यस्तोम विधीनें तिला हिंदु करून घेऊन, वैदिक पद्धतीनें लग्न केलें. हा संसार केतकरांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३७ पर्यंत, टिकला. पण न टिकता तर? जर्मनीच्या कायद्यांत घटस्फोट होता. होमाग्नीसमोर लागलेल्या ब्राह्मणी लग्नास त्या काळच्या हिंदु कायद्यांत सुटकाच नव्हती. शीलवतीबाईंनीं नुसता धर्म स्वीकारला नव्हता, बाहेर पडण्याचें दार आपल्या हातानें लावून घेतलें होतें. ज्यांस तें दार उघडें ठेवावयाचें असे त्यांनीं १८७२ च्या विशेष विवाह कायद्यानें लग्न लावावें. परंतु त्यासाठीं आपण हिंदु नाहीं असें लिहून द्यावें लागे. सागर-नागपूरचे सर हरिसिंग गौर यांनीं १९२३ सालीं ती अट दूर करविली, आणि हिंदु राहूनहि घटस्फोटाचा हक्क असलेलें लग्न प्रथमच शक्य झालें.

बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९३१ सालीं हिंदूंसाठीं घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतानें १९४६ सालीं द्विभार्याप्रतिबंधाचा व १९४७ सालीं हिंदु घटस्फोटाचा कायदा केला. आणि प्रांताबाहेर जाऊन दुसरें लग्न करणारा अधिवासी पुरुष सुटूं नये म्हणून पहिल्या कायद्यांत तशी तरतूदहि घातली. सरहद्द ओलांडून लग्न लावण्याची युक्ति किती सुलभ होती याचा हा पुरावाच होय. वऱ्हाड मात्र नागपूरच्या राज्यांत. १५ ऑगस्ट १९४७ ला निजामाचें नाममात्र स्वामित्व संपुष्टांत आलें, तरी मुंबईचा कायदा मलकापुरापाशींच थांबला. नवऱ्याविरुद्ध जळगांवच्या स्त्रीस १९४७ पासून न्यायालयांत घटस्फोट मागतां येत होता. आगगाडीनें कांहीं तासांच्या अंतरावर असलेल्या अकोल्याच्या स्त्रीस तो १८ मे १९५५ पर्यंत, म्हणजे मध्यवर्ती हिंदु विवाह कायदा अंमलांत येईपर्यंत, मिळाला नाहीं. अमरावतीचेच सर मोरोपंत जोशी यांनीं १९२८-२९ मध्यें संमतिवयाच्या समितीचें अध्यक्षपद भूषविलें. बालविवाहाविरुद्ध त्या समितीनें केलेलें काम मोठें होतें. पण लागलेल्या लग्नांतून सुटण्याच्या प्रश्नावर वऱ्हाडास पंचवीस वर्षांहून अधिक थांबावें लागलें. काडीमोडीची चाल १९५५ च्या कायद्यानेंहि रद्द केली नाहीं. रूढि सिद्ध झाल्यास ती आजहि मान्य होते.

यानंतर पैनगंगेची जागा समुद्रानें घेतली. नवरा आतां मोगलाईंत जात नाहीं, अमेरिकेंत जातो. आणि तेथील एखाद्या राज्यांत थोडेच दिवस राहून घटस्फोट मिळवितो. नेवाडा राज्यांत सहा आठवड्यांचें वास्तव्य पुरत असे. सत्या विरुद्ध तेजासिंग या खटल्यांत अशा रीतीनें मिळविलेला हुकूमनामा आमच्या सर्वोच्च न्यायालयानें मानला नाहीं. अधिवासाचें खोटें सोंग करून न्यायालयास फसविलें, असें त्यानें म्हटलें. १९९१ सालीं नरसिंहराव विरुद्ध वेंकटलक्ष्मी या खटल्यांत, तिरुपतीस लागलेल्या लग्नाचा मिसूरी राज्यांतील घटस्फोट नाकारतांना, न्यायालयानें याहून पुढचें पाऊल टाकलें. ज्या कायद्यानें लग्न लागलें त्याच कायद्यानें अधिकार असलेलें न्यायालय आणि त्याच कायद्यांतील कारण, हीं दोन्ही जुळलीं तरच परदेशी घटस्फोट मानावयाचा. अपवाद तीन: प्रतिपक्षाचा अधिवास किंवा नेहमींचें राहणें त्या देशांत असून कारण आपल्या कायद्यांत बसणारें असावें, किंवा प्रतिपक्षानें आपखुषीनें हजर राहून खरोखर खटला लढविलेला असावा, किंवा दोघांची संमति असावी. आमच्या मतें गेल्या शतकांतील स्त्रीविषयक निर्णयांत या निर्णयाचें स्थान फार वरचें आहे. न्यायालय नवऱ्याच्या सामानाबरोबर देशोदेशीं हिंडत होतें, तें त्यानें बायकोच्या गांवीं आणून बसविलें.

कायद्यानेंहि मग तीच दिशा धरली. १९७६ च्या दुरुस्तीनें हिंदु विवाह कायद्याच्या १९ व्या कलमांत असें घातलें होतें कीं प्रतिवादी देशाबाहेर राहत असेल किंवा सात वर्षें जिवंत असल्याचें ऐकिवांत नसेल, तर अर्जदारानें आपल्या राहत्या ठिकाणीं अर्ज करावा. तीं सात वर्षें येथें पुन्हां भेटतात, पण आतां शिक्षेच्या भीतीसाठीं नव्हे, सुटकेच्या अर्जासाठीं. २००३ सालीं पत्नीस, नवरा कोठेंहि असो, स्वतःच्या राहत्या गांवीं अर्ज करण्याची मुभा मिळाली. जोडीदार परदेशी व परधर्मी असेल तर लग्न बहुधा १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें किंवा परदेशांतील वकिलातींत १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यानें लागलेलें असतें, आणि मोडावयाचें तेंहि त्याच वाटेनें. दोघांची संमति असल्यास, वर्षभर वेगळे राहिल्याचें दाखवून, संयुक्त अर्ज करितां येतो. दोन अर्जांमधील सहा महिन्यांची मुदत योग्य प्रसंगीं माफ होऊं शकते असें २०१७ सालीं ठरलें. संमति नसेल तेथें समन्स पोंचविणें हेंच मोठें काम. हेग येथील समन्स बजावणीचा करार भारतास १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे. त्याप्रमाणें कागद सरकारमार्फत त्या देशाच्या मध्यवर्ती अधिकाऱ्याकडे जातात, सोबत भाषांतर लागतें, आणि महिन्यांमागून महिने जातात. पोटगीच्या बाबतींत जुना नदीकांठचा न्याय अजून सुटलेला नाहीं: ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे येथें थेट बजावतां येतात, अमेरिकेचे येत नाहींत; आणि येथील हुकूमनाम्यावर नवऱ्याचा अमेरिकेंतील पगार हातीं लागणें कठीण, त्याच्या वांट्याचें दर्यापूरकडील वावर मात्र जप्त होऊं शकतें. अनिवासी भारतीयांच्या लग्नाची नोंदणी सक्तीची करणारें विधेयक २०१९ सालीं राज्यसभेंत मांडलें गेलें. विधि आयोगानें २०२४ सालीं तशीच शिफारस केली आहे.

एक बारीकशी गोष्ट वकील लोक सांगतात ती येथें नोंदवून ठेवतों. परदेशी न्यायालयाची नोटीस घरीं आली म्हणजे पुष्कळ घरांत ती एक तर कपाटांत पडून राहते, नाहीं तर घाईनें सविस्तर जबाब पाठविला जातो. दुसऱ्या प्रकारांत तें न्यायालय आपण मान्य केलें असा अर्थ निघूं शकतो. जबाब द्यावयाचाच तर प्रथम अधिकारक्षेत्राची हरकत लेखी घ्यावी व वादाच्या मुद्यांत शिरूं नये, आणि त्याच सुमारास येथील कुटुंब न्यायालयांत स्वतःचा अर्ज दाखल करावा. आणि नोटीस ज्या पाकिटांतून आली तें पाकीट फाडून टाकूं नये. त्यावरील टपालाचा शिक्का अकोल्याच्या न्यायाधीशांपुढें तारखेचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.